एक हजार चौतीसचा डबा

गल्लीत तिला कात्री म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणतात, आणि तेही दोन पावलं मागं सरून. पत्र्याचं काम करणारी बाई तशी विरळाच, त्यात ही रागावली की समोरच्याचं वाक्य अर्ध्यात कापते आणि कापलेला तुकडा त्याच्याच हातात ठेवते. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. मध्ये लाकडी ओंडक्यात ठोकलेली ऐरण, भिंतीला टेकवलेले पत्रे, जोडांना कथलाचा डाख द्यायची शेगडी, आणि दारात एक स्टूल, ज्यावर गिऱ्हाइकानं बसायचं नसतं. बसलंच कोणी तर विचारते, “काम आहे की मुक्काम?”

समोरच्या घड्याळवाल्याचं म्हणणं असं की हातोड्याच्या आवाजावरून तिचा राग मोजता येतो. टकटक एका लयीत चालली असेल तर साधा राग, म्हणजे रोजचा. तेवढाही नसेल तर बाईंची तब्येत बरी नाही समजायचं. दोन ठोके आणि मध्ये थांबा, असं असेल तर कोणीतरी माप चुकीचं दिलंय. आणि आवाज साफ बंद झाला, तर घड्याळवाला आपलं शटर अर्धं खाली ओढतो. त्याच्या दुकानात काच फार आहे.

अशा बाईला नवरा मिळाला तो शाळेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. नळ्या धुणारा, बाटल्यांना चिठ्ठ्या डकवणारा, ‘सावकाश’ हा ज्याचा लाडका शब्द. म्हणून गल्ली त्यांना सावकाशराव म्हणते. हे लग्न जमलं नळ्या ठेवायच्या पत्र्याच्या स्टँडमुळे. तो एकच स्टँड दुरुस्त करून घ्यायला हा माणूस तीन महिन्यांत अकरा वेळा आला. अकराव्या वेळी तिनं स्टँड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “हा मोडत नाहीये. हा कोणीतरी मोडतंय.” सावकाशराव कानापर्यंत लाल झाले. आजही विषय निघाला की ते म्हणतात स्टँडच कच्चा होता, आणि ती म्हणते माझं काम कच्चं नसतं. त्यामुळे त्या लग्नाचं खरं कारण आजवर दोघांपैकी एकालाही कबूल करता आलेलं नाही.

मुलगी एकच. अंगानं सडसडीत, चालायला ताठ, केसांचा टोप मोठा, म्हणून खिळा. बोलायला बापासारखी कमी. रागाला मात्र आईवर गेलेली. फरक एवढाच की आईचा राग बाहेर पडून मोकळा होतो आणि हिचा आत जाऊन बसतो.

आता कात्रीचा जन्माचा राग कशावर, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो राग होता कोपरावर. स्वतःच्या नव्हे, नळीच्या. धुराडं भिंतीतून बाहेर काढायचं तर नळी कुठंतरी वळवावी लागते. त्यासाठी दोन नळ्यांची तोंडं तिरकी कापून एकमेकांना जोडतात; त्या जोडाला म्हणायचं कोपर. ऐकायला सोपं आहे. पण पत्रा कापायचा असतो तो सपाट असताना, गोल वळवण्याआधी. आणि वळवल्यावर तोंड सरळ तिरकं यावं, तर सपाट पत्र्यावरची कड सरळ कापून चालत नाही. ती वर चढणारी, खाली उतरणारी, लाटेसारखी बाकदार कापावी लागते. तो बाक नेमका कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या वडिलांकडून आलेले पुठ्ठ्याचे सात साचे खिळ्यांना टांगलेले होते, कडा बोटांनी काळ्या झालेल्या. सात कोनांसाठी सात साचे. आठवा कोन आला की अंदाजे कापायचं, वळवायचं, दुसऱ्या नळीला लावून उजेडाकडे धरायचं; जिथं फटीतून उजेड दिसेल तिथं कानशीनं घासायचं. परत धरायचं, परत घासायचं. एकेका कोपराला अर्धा दिवस. तिच्या उजव्या अंगठ्याची शीर त्या कानशीनंच कायमची धरलेली.

लहानपणी तिनं वडिलांना विचारलं होतं, “हा बाक असाच का?”

“असाच असतो.”

शाळेत विचारलं, तर तेव्हाचे मास्तर वर्गाकडे बघून हसले आणि वर्ग तिच्याकडे बघून. दहावीनंतर विषय निवडायचा फॉर्म घरी आला तेव्हा गणितापुढची खूण आधीच ‘साधं’वर केलेली होती. कोणी केली ते विचारायचीच पद्धत नव्हती. तिनं मग पुढं शिकणंच सोडलं आणि हातात कात्री घेतली. झालं ते झालं, असं ती म्हणत नाही. ती म्हणते, “तो मास्तर मेला असेल तर बरं झालं, नसेल तर पत्ता द्या.”

खिळा याच दुकानात वाढली. नववीत असताना तिनं स्वतःच एक युक्ती काढली. नळीच्या तोंडाएवढं वर्तुळ काढायचं, त्याचे बारा सारखे भाग करायचे, प्रत्येक भागापाशी नळी किती उंच कापली जाते ते मोजायचं, आणि सपाट पत्र्यावर तेवढ्याच उंचीवर बारा टिंबं द्यायची. कोन कुठलाही असो, बारा टिंबं अचूक. ती टिंबं जोडायची मात्र हातानं, नजरेनं. त्यामुळे बारा ठिकाणी जोड घट्ट बसे आणि मधल्या जागांतून उजेड डोकावेच.

“चोवीस भाग कर की,” आई म्हणाली.

“मग चोवीस ठिकाणी बसेल. आई, टिंबावर काय असतं ते मला येतं. दोन टिंबांच्या मधे काय असतं ते मला हवंय.”

कात्रीनं हातोडा खाली ठेवला. घड्याळवाल्यानं सवयीनं शटरला हात घातला. पण ती रागावली नव्हती. तिला हेच विचारायचं होतं, तीस वर्षांपासून, आणि तिच्याजवळ हे वाक्य नव्हतं.

खिळ्यानं तो प्रश्न शाळेत गणिताच्या सरांना विचारला. सर म्हणाले, “ते विशेष गणितात. अकरावीत तिकडं आलीस की बघू.” म्हणून अकरावीच्या फॉर्मवर तिनं ‘विशेष गणित’ लिहिलं. त्या शाळेत अकरावीला दोन गणितं: साधं आणि विशेष. विशेष न घेता पुढं गेलं की कॉलेजच्या निम्म्या दारांवर आतून कडी. खिळ्याला दारांची फिकीर नव्हती. तिला दोन टिंबांच्या मधे जायचं होतं, आणि तिकडं जायला तेवढा एकच रस्ता होता.

विशेष गणित हवं असेल तर पंचवीस मार्कांची परीक्षा, पास व्हायला अठरा. परीक्षा घेणारे आणि तपासणारे तेच सर. मुलांमध्ये त्यांचं नाव उत्तरसर, कारण ते फक्त शेवटची ओळ बघतात. ती बरोबर असेल तर पूर्ण मार्क, चूक असेल तर भोपळा. चाळीस पेपरांचा गठ्ठा दोन घंटांच्या मधे तपासून मोकळे. मुलं तर सांगतात की एका पोरानं शेजाऱ्याची नुसती उत्तरं उतरवली आणि तो पहिला आला. खरंखोटं उत्तरसर जाणोत. त्यांनी वरचं काही वाचलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी यादी लागली. खिळ्याचं नाव तिच्यात नव्हतं. पंचवीसपैकी पंधरा.

ती घरी न जाता सरळ दुकानात आली, दप्तर टाकलं आणि कोपऱ्यातला वाकडा पत्रा घेऊन ठोकत बसली. कात्रीनं एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा तिच्या मागोमाग आलेल्या नवऱ्याकडे.

“काय झालंय?”

“सावकाश सांगतो,” सावकाशराव म्हणाले.

“अहो, भरभर सांगा.”

“पंधरा मिळाले. एक चार मार्कांचा प्रश्न गेला. तेवढा आला असता तर एकोणीस झाले असते.”

“कुठला प्रश्न?”

सावकाशरावांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं पत्र्याकडे. शेवटी तीच म्हणाली, “डब्याचा.”

“कसल्या डब्याचा?”

“पत्र्याच्या.”

इथं घड्याळवाल्यानं एक मोठी चूक केली. तो मान बाहेर काढून म्हणाला, “अरे वा! पत्रेवालीच्या पोरीचा डब्याचाच प्रश्न चुकला?” आणि हसला. तो आजही शपथेवर सांगतो की कात्री त्याला काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्याची तीन घड्याळं बंद पडली.

“प्रश्न सांग,” ती पोरीला म्हणाली.

“वरून उघडा, गोल डबा. त्रिज्या सात सेंटीमीटर, उंची वीस. असा डबा करायला किती पत्रा लागेल?”

“मग? तू काय केलंस?”

“बाजूचा पत्रा चव्वेचाळीस बाय वीस. उभ्या जोडाला एक सेंटीमीटर दुमड, म्हणजे पंचेचाळीस. तोंडाची कड मुडपायला एक, म्हणजे उंची एकवीस. बुडाला सगळीकडून अर्धा सेंटीमीटर दुमड, म्हणजे त्रिज्या साडेसात. सगळं मिळून अकराशे बावीस.”

कात्रीनं खडू घेऊन जमिनीवर हिशोब मांडला. दोनदा केला.

“बरोबर आहे की!”

“चूक आहे. उत्तर एक हजार चौतीस आहे.”

“दुमड कुठं गेली?”

“दुमड धरायची नव्हती.”

“कोण म्हणतं?”

“पुस्तक.”

हातोड्याचा आवाज बंद झाला, कारण कात्रीनं हातोडाच पोरीच्या हातातून काढून घेतला होता. समोर शटर अर्ध्यावर न थांबता पूर्ण खाली आलं.

“किती पत्रा लागेल असं विचारलंय ना त्यानं? क्षेत्रफळ विचारलेलं नाही! लागेल किती, असं विचारलंय! अरे, मी तीस वर्षं डबे करते. मला विचार ना किती लागतो ते! दुमडीशिवाय डबा? उद्या म्हणेल बोटांशिवाय हातमोजा घाल!”

“सावकाश, अगं,” सावकाशराव म्हणाले. “उद्या दुपारी यादी वर पाठवतात. पुढच्या वर्षी परत...”

“पुढच्या वर्षी ती बारावीत असेल! तुम्ही त्याच शाळेत आहात ना हो? त्या माणसासाठी काचेची भांडी घासता ना? एक शब्द बोलला नाहीत?”

“मी विचारलं. ते म्हणाले, पेपर दाखवायची पद्धत नाही.”

“पद्धत नाही,” कात्री म्हणाली, आणि तिला तो जुना फॉर्म आठवला असणार. तिनं नवा पत्रा उचलला, पट्टी लावली आणि चव्वेचाळीस बाय वीस, एक केसभर कमी नाही की जास्त नाही, असा तुकडा कापला. सात सेंटीमीटर त्रिज्येची चकती कापली. दुमड शून्य. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मुद्दाम वाईट काम केलं आणि फार मन लावून केलं.

शनिवारी मधल्या सुट्टीत ती शाळेत शिरली. पत्रा गोल वळवून, सुतळीनं बांधून काखेत, चकती हातात. सावकाशराव फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या लहान आवाजात सारखं काहीतरी पुटपुटत मागून येत होते. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबल, त्यावर वह्यांचे ढीग, भिंतीवर वेळापत्रक, आणि टेबलाच्या टोकाला उत्तरसर. लाल पेन उघडंच.

“मी खिळ्याची आई.”

“कोणाची?”

तिनं मुलीचं शाळेतलं नाव सांगितलं.

“अच्छा. बसा ना, बाई.”

“बसायला नाही आले. हा घ्या तुमचा डबा. एक हजार चौतीस. मोजून घ्या, पट्टी असेलच तुमच्याकडे.” तिनं चकती टेबलावर ठेवली, गोल पत्रा तिच्यावर उभा केला. “आता यात पाणी भरा.”

उत्तरसर हसले. “बाई, हे गणित आहे. दुकान नव्हे.”

“बरं. पाणी नको. नुसता उचला.”

उत्तरसरांनी, गंमत म्हणून की सुटका म्हणून, पत्रा वरच्या कडेला धरून उचलला. बूड टेबलावरच राहिलं. तिनं पुढं होऊन सुतळीची गाठ सोडली आणि पत्रा ‘ठणण्’ करून उलगडला, चार वह्यांचे ढीग खाली घेऊन गेला आणि लाल पेन भूगोलाच्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडलं. खोलीतल्या दोघीतिघींनी चेहरे वहीत खुपसले. हसणं झाकायला वह्या फार उपयोगी पडतात.

“हा तमाशा आहे!” उत्तरसर उभे राहिले.

“हा डबा आहे! तुम्ही सांगितला तसा! नुसती कडेला कड लावून डाख धरत नाही. माझ्या पोरीनं सांगितला तो डबा उभा राहतो, पाणी धरतो, आणि त्याला तुम्ही भोपळा दिलात!”

“प्रश्नात त्रिज्या आणि उंची दिली आहे. दुमड दिलेली नाही. जे दिलेलं नाही ते धरायचं नसतं. हे जिला कळत नाही तिला विशेष गणित झेपणार नाही.”

“किती लागेल असं विचारलंत ना? मग क्षेत्रफळ विचारायचं होतं! प्रश्न तुम्ही वाकडा काढायचा आणि सरळ मात्र तिनं चालायचं?”

“पस्तीस मुलांना बरोबर कळला.”

“त्यांच्या आया डबे करत नाहीत!”

“बाई, आवाज...”

“पेपर दाखवा.”

“पद्धत नाही.”

“मग मी इथंच आहे. तुमची यादी वर जाऊ दे नाहीतर खाली. मला दुकानाची घाई नाही; मी इथं आलेय हे कळल्यावर माझ्या समोरचा घड्याळवालासुद्धा आज दिवसभर शटर उघडणार नाही.”

यावर काय झालं असतं कोण जाणे. पण सावकाशराव मधेच नाहीसे झाले होते ते परत आले. हातात गठ्ठा होता. शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाची कडी दोन महिने मोडलेली, म्हणून परीक्षेचे पेपर प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवत, आणि त्याची किल्ली यांच्या कमरेला. “सर,” ते म्हणाले, “वरून चौथा.”

उत्तरसरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एखादी परीक्षानळीच उठून बोलली. पण गठ्ठा टेबलावर आला होता, आणि भूगोलाच्या बाई लाल पेन परत द्यायच्या निमित्तानं जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. उत्तरसरांनी चौथा पेपर काढला.

डब्याचा प्रश्न तिसऱ्या पानावर होता. पहिल्या चार ओळींत बाजूचं क्षेत्रफळ, बुडाचं क्षेत्रफळ, बेरीज: १०३४. त्याच्याखाली एक रेघ. रेघेखाली स्वच्छ अक्षरात: ‘पण डबा जोडायला दुमड लागते, म्हणून.’ आणि मग उरलेला हिशोब. शेवटच्या ओळीत ११२२, त्यावर लाल फुली.

भूगोलाच्या बाईंनी घसा साफ केला; बहुधा खोकला खरा नसावा.

“एक हजार चौतीस लिहिलंय,” कात्री म्हणाली. हळू म्हणाली. सावकाशरावांनी डोळे मिटले, कारण तिचा हा आवाज त्यांनी लग्नाच्या इतक्या वर्षांत एकदाच ऐकला होता. “तुम्ही वाचलंच नाही. माझी पोर नापास झाली नाही. तुम्ही वाचलं नाहीत.”

“शेवटचं उत्तर...” उत्तरसरांनी पेन चाचपलं. “बरं. पायऱ्या बरोबर आहेत. पायऱ्यांचे दोन देतो.”

“म्हणजे सतरा!”

“नियम अठराचा आहे.”

“दोन? चारचा प्रश्न, चारही ओळी बरोबर, आणि दोन? तुम्ही मार्क देताय की दुमड कापताय?”

“आई, बास.”

दारात खिळा उभी होती. आवाज चार वर्गांपलीकडे पोचला होता, आणि पोचला नसता तरी तिच्या वर्गातल्या पोरांनी पोचवला असताच. चेहरा असा पांढरा पडलेला की बापानं आधी स्टूल शोधलं.

“तू वर्गात जा,” आई म्हणाली.

“मी नाही जात. माझा पेपर आहे. तुम्ही दोघं मिळून माझ्या पेपरवर भांडताय आणि मला कोणी विचारतच नाही.” ती टेबलापाशी आली. आईकडे बघितलंसुद्धा नाही. “सर, मला दोन नकोत. चारही नकोत. मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही म्हणालात विशेष गणितात आलीस की बघू.”

“कुठला प्रश्न?”

तिला ते लागलं. पण ती रडली नाही. तिनं टेबलावर पसरलेला एक हजार चौतीसचा पत्रा सरळ केला, भूगोलाच्या बाईंच्या हातातून लाल पेन घेतलं, विचारलंही नाही, आणि पत्र्याच्या लांबीचे बारा भाग केले. एका वहीच्या मागच्या पानावर वर्तुळ काढलं, त्याचे बारा भाग केले, नळी तिरकी कापली तर कुठं किती उंच येईल ते एकेक मोजत पत्र्यावर टिंबं दिली. बारा टिंबं. वर चढली, खाली उतरली. सगळी खोली बघत होती. घंटा झाली, कोणी उठलं नाही.

“इथं इथं मला येतं,” ती टिंबांवर पेन आपटत म्हणाली. प्रत्येक टिंबाला पत्रा वाजत होता. “इथं. इथं. इथं. यांच्या मधे काय असतं? उत्तर माहीत असेल तर सांगा, मी साधं गणित घेते आणि जाते. माहीत नसेल तर तसं सांगा. पण ‘तिकडं आलीस की बघू’ म्हणायचं आणि दारही तुम्हीच लावायचं, हे मला नको.”

उत्तरसर त्या टिंबांकडे बघत राहिले. त्यांना उत्तर माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं, दोन आडव्या-उभ्या रेघांवर, आणि त्याचा नळीशी, धुराड्याशी, पत्र्याशी काही संबंध असेल हे त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी बोट टेकवून पहिल्या टिंबापासून दुसऱ्यापर्यंत नेलं, मग तिसऱ्यापर्यंत, आणि कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

“हे... तू स्वतः काढलंस?”

“नववीत असताना.”

त्यांनी तिच्याकडून पेन परत घेतलं. पंधराचे एकोणीस केले. इतकं दाबून लिहिलं की खालच्या पेपरवरही एकोणीस उमटले. यादी काढली, तळाशी तिचं नाव घातलं. मग वर न बघता कात्रीला म्हणाले, “पण तो पत्रा इथून घेऊन जा.”

“नाही नेणार. तुमचाच आहे. एक हजार चौतीस.”

आणि गेली.

कोणी म्हणेल, झालं गोड. कसलं गोड! खिळा आईशी तेरा दिवस बोलली नाही. सगळ्या शाळेत आता ती ‘डबा’ होती. चौदाव्या दिवशी बोलली ते एवढंच, “परत माझ्या शाळेत यायचं नाही.” कात्री म्हणाली, “परत माझ्या पोरीला भोपळा दिला तर येणार.” सावकाशरावांना किल्लीबद्दल लेखी समज मिळाली, तो कागद कात्रीनं दुकानात, साच्यांच्या शेजारी भिंतीवर टांगला. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत तोच डब्याचा प्रश्न आला आणि त्याखाली नवी ओळ छापलेली होती: ‘जोड व दुमड धरू नये.’ सावकाशरावांनी ती कौतुकानं घरी सांगितली, तर बाई पुन्हा भडकली. “धरू नये म्हणे! अजून कळलेलं नाही त्याला!”

पण खरी भडकली ती त्याआधीच, त्याच वर्षाच्या थंडीत. एका बेकरीचं धुराडं आलं होतं. मधे तुळई, त्यामुळे कोपर भलत्याच कोनाचा, सातांपैकी एकाही साच्यात न बसणारा. ती कानस काढून बसली आणि म्हणाली, “आजचा दिवस गेला.” खिळा शाळेतून आली. तिनं कोन विचारला, नळीची त्रिज्या विचारली, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि पुठ्ठ्यावर बाक काढला. बारा टिंबं नव्हती. कितीही टिंबं घ्या, प्रत्येकाची उंची तिला त्या ओळीतूनच मिळत होती.

कात्रीनं कापलं. वळवलं. दुसरी नळी लावली आणि दाराशी नेऊन उजेडाकडे धरली.

उजेड आला नाही. कुठूनच नाही. तिनं गोल फिरवून पाहिलं, नखानं पाहिलं, डोळा चिकटवून पाहिलं.

“हा कुठला बाक?” ती म्हणाली.

“याला नाव आहे, आई. साईन म्हणतात. याचं सूत्र आहे. अकरावीच्या पुस्तकात आहे.”

“नाव आहे?”

“हो.”

“पुस्तकात आहे?”

“हो. बऱ्याच वर्षांपासून.”

“माझ्या वेळच्या?”

खिळ्यानं वही मिटली. तिला आत्ता कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

कात्री आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होती. “तीस वर्षं,” ती म्हणाली. “तीस वर्षं मी घासत बसले. आणि हे पुस्तकात होतं. शाळेत. चार गल्ल्या सोडून. कोणीतरी एका फॉर्मवर खूण केली, आणि मी घासत बसले!” आवाज चढत चढत असा झाला की बेकरीवाला दारातच थबकला. “याला नाव होतं! नाव होतं याला!”

तिनं कानस उचलली आणि रस्त्यात भिरकावली. ती दगडावर आपटून उडाली आणि घड्याळवाल्याच्या शटरला लागली. शटर खाली होतं. त्याला अनुभव होता.

सावकाशराव उठले, सावकाश रस्त्यात गेले, कानस उचलून आणली आणि तिच्यापुढं धरली.

“नको मला,” ती म्हणाली. “तुम्हाला हवी तर ठेवा.” मग पोरीकडे वळून, तितक्याच रागानं, “आणि तू काय बघत उभी आहेस? बस इथं. ते सूत्र मला पहिल्यापासून सांग. आणि एक ओळही सोडलीस तर बघ.”